खरा ठरू नये म्हणून दिलेला इशारा

पश्चिम आशियात कुठेही युद्ध पेटले की काही दिवसांतच मोबाइलवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. अमुक शहराचा नाश होणार हे बायबलमधल्या यशयाने किंवा यहेज्केलाने अडीच हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते आणि आता ते अक्षरशः खरे ठरत आहे, असा त्याचा आशय असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते ग्रंथ उघडून पाहिलेले असतात हा प्रश्न वेगळा. पण ज्यांनी उघडले त्यांचाही गोंधळ उडतो. तिथे विनाशाची वर्णने पानोपानी आहेत हे खरे, मात्र त्यांतले सर्वांत गाजलेले भाकीत सपशेल चुकल्याची नोंदही त्याच ग्रंथसंग्रहात आहे, आणि ती लपवलेली नाही. एक आख्खे पुस्तक त्या चुकलेल्या भाकिताभोवती रचलेले आहे. भाकीत चुकूनही सांगणारा खरा कसा राहतो, हे कळले की या ग्रंथांतील बरेचसे कोडे सुटते.

हे संदेष्टे म्हणजे कोण?

हिब्रू भाषेत त्यांना 'नबी' म्हणतात आणि मराठी बायबलात 'संदेष्टा' हा शब्द वापरला जातो. मराठी शब्द नेमका आहे, कारण भविष्य पाहणे हे या माणसांचे मुख्य काम नव्हते. दुसऱ्याचा निरोप पोहोचवणे हे होते. ज्यांच्या नावाने ग्रंथ आहेत ते साधारण इ.स.पू. आठव्या शतकापासून पुढच्या तीन-चार शतकांत होऊन गेले. त्या काळी उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा अशी दोन लहान राज्ये होती आणि त्यांच्या डोक्यावर आधी अश्शूर (असीरिया), मग बाबेल (बॅबिलोन) अशी प्रचंड साम्राज्ये उभी होती. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शुरी सैन्यापुढे इस्राएलची राजधानी शोमरोन पडली, आणि इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम व तिथले मंदिर जाळले. बहुतेक इशारे या दोन आघातांच्या आगेमागे दिलेले आहेत.

ज्योतिषी आणि डॉक्टर

ज्योतिषाने सांगितले की अमुक महिन्यात अपघात योग आहे, आणि खरोखरच अपघात झाला, तर त्याच्याकडची रांग वाढते. त्याचे यश भाकीत खरे ठरण्यात असते. याउलट डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णाला सांगतात की साखर अशीच राहिली तर पाय कापावा लागेल. रुग्ण घाबरतो, पथ्य पाळतो, रोज चालायला जातो आणि दहा वर्षांनी स्वतःच्या पायांनी दवाखान्याच्या पायऱ्या चढून येतो. आता त्याने डॉक्टरांना तोंडावर म्हणावे का, की तुमचे म्हणणे खोटे निघाले? ते वाक्य उच्चारले गेले ते खरे ठरू नये म्हणूनच. वाक्याची रचना 'असे होईल' अशी असली तरी त्याच्या पोटात एक 'नाहीतर' दडलेला असतो.

हिब्रू संदेष्ट्यांच्या बहुसंख्य धमक्या डॉक्टरांच्या जातीच्या आहेत. त्यांतला 'नाहीतर' कधी स्पष्ट लिहिलेला असतो, कधी नसतो, आणि तो लिहिलेला नसतो तिथेच वाचक फसतो.

निनवे: पाच शब्दांचा संदेश

योनाच्या पुस्तकात हा 'नाहीतर' जराही दिसत नाही. अश्शूरच्या निनवे नगरीला (आजच्या इराकमधील मोसूल शहरात तिचे अवशेष आहेत) जाऊन इशारा देण्याची आज्ञा योनाला होते. तो उलट्या दिशेच्या तार्शीशला जाणाऱ्या जहाजाचे भाडे भरून पळ काढतो. वादळ आणि मोठा मासा यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. शेवटी निनवेत पोहोचल्यावर तो जे बोलतो ते मूळ हिब्रूत अवघे पाच शब्द आहे: आणखी चाळीस दिवस, आणि निनवे उलथून पडेल. 'पश्चात्ताप केलात तर वाचाल' असे तो चुकूनही म्हणत नाही, आणि ते सांगायची त्याची इच्छाही दिसत नाही.

तरीही शहर बदलते. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांबरोबर गुराढोरांनाही उपवास घडतो, गोणपाट नेसवले जाते, आणि राजाचा हुकूम सांगतो की प्रत्येकाने आपला दुष्ट मार्ग आणि हातून होणारा जुलूम सोडावा; कोण जाणे, देव कदाचित वळेल. चाळीस दिवस जातात आणि शहर जागच्या जागी उभे राहते. 'उलथणे' या अर्थाचे जे हिब्रू क्रियापद योनाने वापरले त्याचा 'पालटणे' असाही अर्थ होतो, आणि जुन्या यहुदी भाष्यकारांनी त्यावर बोट ठेवले होते: निनवे पालटणार असे सांगितले होते, आणि ती पालटलीच.

या कथेला इतिहास म्हणून अश्शुरी नोंदींत दुजोरा मिळत नाही, आणि अनेक अभ्यासक ती उत्तरकाळातील बोधकथा मानतात. त्यामुळे आपल्या मुद्द्याला बाधा येत नाही. उलट इशाऱ्याकडे कसे पाहावे हे सांगण्यासाठीच कोणीतरी ती मुद्दाम रचली असेल, तर ती अधिक मोलाची ठरते. यहुदी परंपरेत योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी हेच पुस्तक वाचले जाते.

नियम कुठे सांगितला आहे?

योनाच्या कथेत जे घडते त्याचा नियम यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात सापडतो. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो. चाकावर घडवीत असलेले मडके कुंभाराच्या हातात बिघडते आणि तो त्याच मातीचा गोळा करून दुसरे भांडे घडवायला घेतो. त्यावरून संदेश असा मिळतो: एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असे मी म्हटले आणि ते राष्ट्र वाईटापासून मागे फिरले, तर मीही योजिलेले अरिष्ट आणणार नाही, आणि एखाद्याला उभारीन असे म्हटले आणि ते बिघडले, तर तिथेही माझे म्हणणे बदलेल. नियमाचा हा दुसरा भाग लोक सहसा विसरतात. धमकीला अट आहे, तशी ती वरदानालाही आहे.

हा नियम लोकांना माहीत होता याचा पुरावाही त्याच ग्रंथात आहे. इ.स.पू. ६०९ च्या सुमारास यिर्मयाने मंदिराच्या अंगणात उभे राहून या मंदिराचाही नाश होईल असे सांगितले, तेव्हा पुजाऱ्यांनी त्याला देहदंड मागितला. त्या वेळी काही वडीलधारे उठले आणि त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच्या मीखा या संदेष्ट्याचे वाक्य आठवून दिले, की सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखे नांगरले जाईल. पुढे ते म्हणाले, हिज्कीया राजाने मीखाला मारले का? राजा परमेश्वराला शरण गेला आणि अरिष्ट टळले. म्हणजे यरुशलेम नांगरले गेले नाही म्हणून मीखाला कोणीही खोटा म्हणाले नव्हते. यिर्मयाचा जीव वाचला, त्यात या युक्तिवादाचाही हात होता.

'ऐकणे' म्हणजे काय?

इथे मराठी वाचकाला एक आयता फायदा आहे. हिब्रूत 'शमा' या एकाच क्रियापदाने कानाने ऐकणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. कित्येक भाषांत त्यासाठी दोन वेगळे शब्द लागतात, पण 'हा मुलगा अजिबात ऐकत नाही' अशी तक्रार एखादी आई करते तेव्हा ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यावे असे कोणी सुचवत नाही. 'तुम्ही ऐकले नाही' हा संदेष्ट्यांचा आरोप नेमका असाच आहे. शब्द कानांवर पडले होते, बऱ्याचदा मन लावून ऐकलेही गेले होते.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण यहेज्केलाचे आहे. बाबेलमध्ये बंदिवान म्हणून राहणाऱ्या या संदेष्ट्याला सांगितले जाते की लोक भिंतींच्या आडोशाला आणि घरांच्या दारांत तुझ्याविषयीच बोलतात, चला काय संदेश आला ते ऐकू म्हणतात, समोर येऊन बसतात; पण त्यांच्या लेखी तू गोड गळ्याने प्रेमगीते गाणारा, छान वाजवणारा गवई आहेस. ते ऐकतात, करत मात्र नाहीत. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला पहारेकऱ्याचा दृष्टांत आहे: तलवार येताना पाहून पहारेकऱ्याने शिंग फुंकले नाही तर मरणाऱ्याच्या रक्ताचा जाब त्याला विचारला जाईल, आणि फुंकूनही कोणी सावध झाला नाही तर ती जबाबदारी ऐकणाऱ्याची. शिंगाच्या सुरावर माना डोलावणाऱ्यांसाठी यात वेगळी तरतूद नाही.

न ऐकण्याचे चार प्रकार

यिर्मयाने सुमारे चाळीस वर्षे इशारे दिले आणि त्याच्या ग्रंथात न ऐकण्याचे जणू वर्गीकरणच सापडते. सरळ नकार हा त्यातला एकच प्रकार आहे.

तो नकार यहोयाकीम राजाचा. त्याच्या कारकिर्दीच्या पाचव्या वर्षी, नवव्या महिन्यात, म्हणजे इ.स.पू. ६०४ च्या हिवाळ्यात, यिर्मयाचा लेखनिक बारूख याने इशाऱ्यांची गुंडाळी मंदिरात जाहीर वाचली. बाबेलच्या इतिवृत्ताची मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तिच्यानुसार नेमक्या याच सुमारास नबुखद्नेस्सराने किनाऱ्यावरचे अष्कलोन शहर घेतले होते. धोका दूरचा राहिलेला नव्हता. गुंडाळी राजवाड्यात पोहोचली तेव्हा राजा शेगडीपुढे शेकत बसला होता. वाचणाऱ्याने तीनचार स्तंभ वाचले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापून शेगडीत टाकी, आणि असे करत सगळी गुंडाळी जळाली. ग्रंथकर्ता पुढे नोंदवतो की राजाने वा त्याच्या सेवकांनी आपली वस्त्रे फाडली नाहीत. कापणे आणि फाडणे या दोन्हींसाठी हिब्रूत इथे एकच क्रियापद आहे, आणि ते वाचताना जाणत्या वाचकाला राजाचा बाप आठवावा अशी योजना दिसते. कारण योशीया राजापुढे मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ वाचला गेला तेव्हा त्याने स्वतःची वस्त्रे फाडली होती. बापाने वस्त्रे फाडली, मुलाने ग्रंथ. यिर्मयाने ती गुंडाळी पुन्हा सांगून लिहवून घेतली, आणि तीत आणखी बरीच भर घातली.

दुसरा प्रकार अधिक ओळखीचा वाटेल. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला असताना सिद्कीया राजाने आणि प्रतिष्ठितांनी एक चांगले काम केले. हिब्रू दासदासींना सहा वर्षांच्या चाकरीनंतर सोडावे असा जुना नियम होता आणि तो कोणी पाळत नव्हते. आता वासरू मधोमध कापून, त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन त्यांनी सर्वांना मुक्त करण्याचा करार केला, आणि मुक्त केलेही. तेवढ्यात मिसरचे, म्हणजे इजिप्तचे, सैन्य निघाल्याची बातमी आली, बाबेलचा वेढा तात्पुरता उठला, आणि वेढा उठताच या लोकांनी सोडलेली माणसे पुन्हा धरून आणली. छातीत कळ आल्यावर सिगारेटचे पाकीट फेकणारा माणूस रिपोर्ट बरा येताच टपरीवर जातो, तसे हे झाले. फरक इतकाच, की इथे फुंकली गेली ती दुसऱ्यांची आयुष्ये. यिर्मयाचे उत्तर त्याच्या सगळ्या ग्रंथात कदाचित सर्वांत कडवट असेल: तुम्ही त्यांना मुक्ती जाहीर केली नाहीत, तर मी तुम्हाला मुक्त करतो, तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्या हवाली.

याच युद्धकाळात खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे यहूदातील लाखीश या किल्ल्यात १९३५ साली उत्खननात सापडली. त्यांतल्या एकात खालचा अधिकारी वरिष्ठाला कळवतो की आम्ही लाखीशच्या खुणेच्या धुराकडे वाट पाहत आहोत, कारण अजेका दिसत नाही. शेवटपर्यंत टिकलेली तटबंदीची शहरे म्हणून यिर्मयाचा ग्रंथ नेमकी हीच दोन नावे देतो. दुसऱ्या एका खापरावर संदेष्ट्याकडून आलेल्या पत्राचा उल्लेख आहे. संदेष्ट्याचे नाव त्यात नाही, पत्रातला एकच शब्द उद्धृत केला आहे: सावध.

तिसरा प्रकार पटूनही न वळण्याचा. शहराचे मनोधैर्य खचवतो म्हणून सरदारांनी यिर्मयाला एका कोरड्या टाक्यात सोडले आणि तो चिखलात रुतला. एबद-मलेख नावाच्या कूशी, म्हणजे आफ्रिकन, दरबारी सेवकाने सिद्कीया राजाची परवानगी मिळवली, कोठारातून जुन्या चिंध्या आणल्या, दोर काचू नये म्हणून त्या काखेत धरायला सांगून त्याला वर ओढले. त्यानंतर राजाने यिर्मयाला मंदिराच्या तिसऱ्या दरवाजापाशी एकांतात बोलावले. सल्ला तोच होता: बाबेलला शरण जा, तू वाचशील आणि शहरही जळणार नाही. हे खोटे आहे असे राजा म्हणत नाही. आधीच बाबेलकडे गेलेले यहूदी लोक माझी विटंबना करतील ही भीती तो बोलून दाखवतो, आणि आपण भेटलो हे कोणाला कळू देऊ नकोस असे सांगून निघून जातो. पुढे त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारण्यात आले आणि नंतर त्याचे डोळे काढले गेले.

चौथा प्रकार म्हणजे निर्णय आधीच घेऊन मग विचारणे. नाशानंतर बाबेलने नेमलेल्या गदल्या या अधिकाऱ्याचा खून झाला आणि उरलेले लोक सूडाच्या भीतीने मिसरकडे निघाले. वाटेत थांबून त्यांनी यिर्मयाला विनवले की देवाला विचार. बरे असो वा वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर आले की इथेच राहा. ते म्हणाले, तू खोटे बोलतोस, तुला बारूखाने फूस दिली आहे. आणि मिसरला गेले. जाताना यिर्मयालाही घेऊन गेले.

मग हे भाकीत तपासायचे कसे?

इथे चिकित्सक वाचक अडवेल, आणि त्याने अडवावेच. अरिष्ट आले तर इशारा खरा, न आले तर लोक सुधारले म्हणून टळले. म्हणजे छापा पडला तरी माझे, काटा पडला तरी माझे. ही शंका त्या काळीही होती, आणि बोललेले घडले नाही तर तो खरा संदेष्टा नव्हे अशी कसोटी बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या ग्रंथात दिलेलीही आहे. तिचा आणि कुंभाराच्या नियमाचा मेळ पूर्ण बसत नाही हे मान्य केलेले बरे.

पण हनन्याचा प्रसंग पाहावा. यिर्मया बाबेलच्या अधीनतेची खूण म्हणून मानेवर लाकडी जू घेऊन फिरत असताना हनन्या या दुसऱ्या संदेष्ट्याने भर मंदिरात सांगितले की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल आणि नेलेली मंदिराची पात्रे परत येतील. यिर्मया आधी म्हणाला, आमेन, परमेश्वर तसेच करो! मग त्याने एक कसोटी सांगितली: पूर्वीच्या संदेष्ट्यांनी युद्धाचे आणि अरिष्टाचे इशारे दिले, शांतीचे भाकीत करणारा मात्र ते घडेल तेव्हाच खरा ठरेल. पुराव्याचे ओझे त्याने गोड बोलणाऱ्यावर टाकले, कारण लोकांना हवे ते सांगणाऱ्याला काही गमवावे लागत नाही. हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढून मोडले, आणि यिर्मया तिथून निघून गेला.

देव मत बदलतो का, हा याच शंकेचा धार्मिक अवतार. ग्रंथात दोन्ही प्रकारची वाक्ये आहेत, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तर एकाच अध्यायात. श्रद्धावान भाष्यकारांचे नेहमीचे उत्तर असे की डॉक्टरांची सूचना बदलली म्हणजे वैद्यक बदलले असे होत नाही, रुग्ण बदललेला असतो.

संकटात सापडलेल्यांना दोष देण्याचे हे साधन तर नाही?

भूकंप झाला, महापूर आला, साथ पसरली की 'त्यांच्या पापाचे फळ' म्हणणारे सर्व धर्मांत निघतात आणि काही जण त्यासाठी या संदेष्ट्यांचा दाखला देतात. त्यांनी आमोसाचे पहिले दोन अध्याय वाचावेत. तकोवाचा हा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या फळांची निगा राखणारा, इस्राएलच्या लोकांपुढे आधी दिमिष्क, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब या शेजाऱ्यांचे गुन्हे एकेक करून मोजतो. श्रोते खूश होत गेले असणार. मग यहूदा येतो, आणि आठव्या पाळीला, सर्वांत लांबलचक यादीसह, खुद्द इस्राएल: तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला जोड्याच्या एका जोडीसाठी विकता. संदेष्टा इशारा देतो तो मुख्यतः आपल्याच माणसांना, अरिष्टाच्या आधी, आणि त्यांना करता येईल अशी गोष्ट सांगून. अरिष्ट आल्यावर लांबून दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी वेगळे कौशल्य लागते, आणि ते या ग्रंथांतून शिकता येत नाही.

करायचे काय होते?

यरुशलेमच्या नाशाचा शोक यहुदी लोक अव महिन्याच्या नवमीला उपवास करून पाळतात. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात या उपवासाला वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा रोजा' असे नाव पडले होते. या उपवासाविषयीचा एक प्रश्न फार जुना आहे. इ.स.पू. ५१८ मध्ये, मंदिराचे काम पुन्हा सुरू झालेले असताना, बेथेलहून आलेल्या माणसांनी विचारले की इतकी वर्षे पाचव्या महिन्यात रडत आलो, तसे पुढेही रडावे का? हो किंवा नाही एवढेच त्यांना हवे होते. जखऱ्या संदेष्ट्याने ते दिले नाही. ही सत्तर वर्षे तुम्ही उपवास केलात तो खरोखर माझ्यासाठी केलात का, असे देवाच्या वतीने विचारून त्याने जुनाच संदेश पुन्हा सांगितला: खरा न्याय करा, एकमेकांवर दया करा, विधवा, पोरका, परका आणि गरीब यांच्यावर जुलूम करू नका, तुमच्या पूर्वजांना हेच सांगितले होते, तेव्हा त्यांनी खांदा ताठ केला आणि कान बंद करून घेतले. उपवासाच्या प्रश्नाचे उत्तर त्यानंतर एका अध्यायाने येते. चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यांचे उपवास आनंदाचे सण होतील, म्हणून सत्य आणि शांती यांची आवड धरा, असे ते आहे. रडावे की नाही, याबद्दल त्यात एक शब्द नाही.